आजोबांची कात्री

७१ व्या वर्षी कॅन्सर, बायको घर सोडून गेलेली, देश युद्धात हरलेला आणि उभं राहून पेंटिंग करायची ताकद संपलेली. अशा वेळी माणूस काय करतो? आंरी मातिसनं कात्री मागवली!

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं. ‘आता काय, वय झालं बॉस!’ गंमत म्हणजे हे म्हणणारा असतो जेमतेम ३१ वर्षांचा. त्याची गिटार माळ्यावर गेलेली असते, ट्रेकचे शूज भाच्याला देऊन झालेले असतात आणि वीकेंडला करायची एकमेव क्रिएटिव्ह गोष्ट म्हणजे पिझ्झावर कुठलं टॉपिंग घ्यायचं ते ठरवणं. पण विचारून बघा, साठीनंतरचा प्लॅन मात्र एकदम तयार असतो. चित्रं काढणार, सतार शिकणार, कोकणात जमीन घेऊन आंबे लावणार. रिटायरमेंट म्हणजे जणू कधीच न संपणारा रविवार.

त्या रविवारी गुडघे दुखत असतील, हा मुद्दा प्लॅनमध्ये नसतो. डॉक्टरांनी अंथरुणाला खिळवून ठेवलं असेल, घरातलं माणूस सोडून गेलं असेल, हेही नसतं. म्हणून आज एका म्हाताऱ्याची गोष्ट. त्याचा रविवार असाच भलताच उगवला होता आणि तरीही त्यानं तो पुरेपूर वापरला.

वकिलाकडचा कारकून

आंरी मातिस हा विसाव्या शतकातला पिकासोच्या तोडीचा चित्रकार, एवढं तरी आपण क्विझमध्ये ऐकलेलं असतं. पण त्याची सुरुवात तुमच्या-माझ्यासारखी, म्हणजे टेबल-खुर्चीवर झाली. उत्तर फ्रान्समध्ये ३१ डिसेंबर १८६९ ला त्याचा जन्म झाला. वडिलांचा धान्य-बियाण्यांचा व्यापार होता. पोरानं कायदा शिकावा असं ठरलं आणि पोरगा वकिलाच्या ऑफिसात कारकून म्हणून कागदांच्या नकला करत बसला. विशीत अपेंडिक्सचं दुखणं निघालं. अंथरुणावर पडून कंटाळलेल्या मुलाला आईनं वेळ घालवायला रंगांची पेटी आणून दिली. बस्स! कारकुनी संपली, वडील नाराज झाले आणि पुढचं सगळं कलेच्या इतिहासात गेलं.

१९०५ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात त्याच्या आणि त्याच्या दोस्तांच्या भडक रंगांना समीक्षकांनी ‘जंगली जनावरं’ असं नाव ठेवलं. ते नाव पुढे एका अख्ख्या चळवळीला चिकटलं. पण ते आपण झटपट ओलांडू. तरुणपणी धमाल करणारे चित्रकार पैशाला पासरी मिळतात. मला इंटरेस्ट आहे तो दुसऱ्यांदा अंथरुणावर पडलेल्या मातिसमध्ये.

पहिल्या आजारपणानं त्याला ब्रश दिला. दुसऱ्यानं तो जवळजवळ काढूनच घेतला.

सगळंच एकदम

१९३९ साली मातिसची बायको आमेली त्याच्यापासून वेगळी झाली. चाळीस वर्षांचा संसार होता. उमेदवारीच्या काळात हॅटचं दुकान चालवून घर चालवलं होतं ते तिनं. वादाचं कारण होतं लिडिया देलेक्तोर्स्काया, म्हणजे सैबेरियातून आलेली, मातिसपेक्षा चाळीस वर्षांनी लहान असलेली त्याची मॉडेल, सेक्रेटरी आणि स्टुडिओची मॅनेजर. ती गेली, परत आली आणि मातिसच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहिली. कोण बरोबर, कोण चूक हे आपण कशाला ठरवायचं? एवढं मात्र खरं की मातिस हा घरात राहायला सोपा माणूस नव्हता. झोप नाही, सतत काम, आणि घरातल्या सगळ्यांनी आपल्या कामाभोवती फिरावं ही अपेक्षा.

१९४० मध्ये जर्मनीनं फ्रान्स जिंकलं. मातिसकडे ब्राझीलला जायचा व्हिसा होता, पण तो गेला नाही. आणि जानेवारी १९४१ मध्ये लियों शहरात त्याच्या आतड्याच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि तो जातो की राहतो अशी अवस्था झाली. तो वाचला, तेव्हा तिथल्या नर्स असलेल्या नन्सनी त्याला टोपणनाव दिलं, ‘मेलेल्यातून उठलेला’. डॉक्टरांकडे त्यानं मागितली होती तीन-चार वर्षं. हातातलं काम पुरं करायला तेवढी पुरेत, असा त्याचा हिशेब.

मिळाली तेरा! पण कशी? पोटाचे स्नायू कायमचे कमजोर झालेले. फार वेळ उभं राहता येत नव्हतं. दिवसाचा बराचसा वेळ पलंगावर, नाही तर चाकांच्या खुर्चीत. १९४४ साली तर कळस झाला. फ्रान्समधल्या भूमिगत चळवळीत काम करणारी मुलगी मार्गरीत आणि आमेली या दोघींना गेस्टापोनं अटक केली. आमेलीनं सहा महिने तुरुंगात काढले. मार्गरीतचा छळ झाला, तिला जर्मनीतल्या छळछावणीकडे जाणाऱ्या गाडीत कोंबलं गेलं आणि वाटेत हवाई हल्ल्यामुळे गाडी थांबली म्हणून ती निसटली.

लेक कुठे आहे, जिवंत आहे की नाही, याचा पत्ता नसताना तिकडे दक्षिण फ्रान्समधल्या व्हाँस गावी म्हातारा पलंगावर बसून काय करत होता? रंगीत कागद कापत होता. सर्कशीतले घोडे, तलवार गिळणारा, ट्रॅपीझवाले, आकाशातून पडणारा इकारस.

हे वाचताना थोडं विचित्र वाटतं ना? मलाही वाटलं. पण मग त्या कागदांकडे नीट बघितलं की लक्षात येतं, ही काही गोग्गोड सर्कस नाहीये. निळ्या आकाशात पडणाऱ्या काळ्या इकारसच्या छातीवर एक लालभडक ठिपका आहे. भोवतीच्या पिवळ्या चांदण्या फुटणाऱ्या बाँबसारख्या दिसतात. खेळ चालू होता, पण युद्ध बाहेर ठेवून नव्हे.

टाचणी म्हणजे अनडू

आता थोडं टेक्निकल. काळजी नको, शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवला तरी पुरे.

कागद कापण्याची आयडिया मातिसची जुनीच. १९३० च्या सुमारास एका अमेरिकन संग्राहकासाठी भिंतीवर बसवायचं एक प्रचंड चित्र करताना त्याला आकृत्या सारख्या हलवून बघायच्या होत्या. दर वेळी पुन्हा रंगवण्यापेक्षा रंगीत कागद कापून कॅनव्हासवर टाचले, सरकवले, पुन्हा टाचले. (त्या कामात भिंतीचं माप चुकलं आणि अख्खं चित्र नव्यानं करावं लागलं, ही आणखी एक मजा. प्रोजेक्टवाल्यांनो, दिलासा घ्या!) पण तेव्हा कागद हे नुसतं रफ वर्क होतं. फेअर काम ब्रशनंच व्हायचं. ऑपरेशननंतर रफ हेच फेअर झालं.

पद्धत अशी. असिस्टंट मुली पांढऱ्या कागदाचे मोठे ताव गुआश रंगानं रंगवून वाळवायच्या. गुआश म्हणजे आपल्या पोस्टर कलरचा श्रीमंत चुलतभाऊ. मातिस पलंगावर किंवा खुर्चीत बसून ते कागद कापायचा. कात्री अनेकदा शिंप्यांकडे असते तशी चांगली लांबलचक. आधी पेन्सिलनं आउटलाइन वगैरे भानगड सहसा नाही. डाव्या हातात कागद फिरतोय, उजव्या हातातली कात्री उघडी ठेवून पुढे सरकतेय, आणि पान, मासा, पक्षी, शेवाळ बाहेर पडतंय. मग तो बोट दाखवणार आणि असिस्टंट ते भिंतीवर टाचणीनं लावणार. जरा वर. नाही, डावीकडे. थोडं तिरकं कर. हां! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, ‘ते हलवू या.’ काही कागद महिनोन्‌महिने असेच भिंतीवर फडफडत राहायचे.

टाचणी हे मातिसचं अनडू बटण होतं, असं म्हणायला हरकत नाही. तैलरंगात चूक झाली तर खरवडा, वाळू द्या, पुन्हा उभे राहा. कागदात चूक ही चूक नसतेच मुळी, ती नुसती ‘अजून जागा न सापडलेली’ वस्तू. कापून उरलेले तुकडेही टाकायचे नाहीत. पान कापल्यावर जी पोकळी उरते, ती कधीकधी पानापेक्षा भारी दिसते. त्याच्या अनेक चित्रांत ही उरलेली पोकळीच मिरवते आहे. आणि मुख्य म्हणजे रेषा आणि रंग ही आयुष्यभराची दोन भांडणारी पोरं एका फटक्यात एकत्र आली. रेषा काढून मग रंग भरायचा नाही. कात्री थेट रंगातच रेषा काढतेय.

हे सोपं दिसतं. तेव्हाही अनेकांनी नाक मुरडलं होतं की म्हातारपणी मातिस पोरखेळ करायला लागला. पण त्या एका अचूक कापामागे पन्नास वर्षं रोज केलेली ड्रॉइंग होती. शिवाय लहानपण गेलं विणकरांच्या गावात. कापडाचे तुकडे जमवण्याचा नाद त्याला गरिबीत असल्यापासून होता. कात्री आणि कापड त्याच्या भाषेतच होतं म्हणा ना. फक्त शब्द सापडायला सत्तरी उलटावी लागली.

सर्कशीच्या त्या चित्रांचं पुस्तक १९४७ साली ‘जाझ’ या नावानं निघालं. वीस चित्रं आणि मधल्या पानांवर मातिसच्याच मोठमोठ्या गोल अक्षरातला मजकूर. आज त्याची पानं पोस्टर होऊन जगभरच्या कॅफेंच्या भिंतींवर लटकतात. तुमच्या एचआरच्या केबिनमध्येही असेल एखादं, बघा.

भिंतीवरचा डाग

मला सगळ्यात आवडतो तो १९४६ चा किस्सा. मातिस तेव्हा पॅरिसच्या फ्लॅटमध्ये होता, तब्येत नरम. बेडरूमच्या भिंतीवर एक डाग होता आणि तो त्याच्या डोळ्यांना खुपायचा. आपण काय करतो? सोसायटीच्या ग्रुपवर पेंटरचा नंबर विचारतो. मातिसनं पांढऱ्या लेटरपेपरचा एक पक्षी कापला आणि डागावर टाचला. पक्षी एकटा बरा दिसेना म्हणून मासा आला. मग आणखी मासे, प्रवाळ, शेवाळ. १९३० साली तो ताहिती बेटांवर जाऊन आला होता. तिथल्या समुद्रात पोहला होता, पाण्याखाली डोळे उघडे ठेवून बघितलं होतं. परत आल्यावर त्या ट्रिपचं म्हणावं असं काहीच चित्रात उतरलं नव्हतं. सोळा वर्षं ती ट्रिप आत कुठेतरी मुरत पडली होती आणि भिंतीवरच्या एका डागानं ती बाहेर काढली. त्यातून झाली ‘ओशनिया’ नावाची दोन भलीमोठी चित्रं, एक आकाशाचं आणि एक समुद्राचं.

पुढे नीस शहरातल्या फ्लॅटमध्ये तर भिंती कमी पडायला लागल्या. रात्री झोप लागायची नाही, तेव्हा लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून पलंगावर पडल्यापडल्या त्यानं छतावर नातवंडांचे चेहरे काढले. का? तर आढ्याकडे बघायचंच आहे, मग पोरं तरी दिसू देत.

१९५२ च्या उन्हाळ्यात त्याला लहर आली की पाण्यात सूर मारणारे लोक बघायचे आहेत. गाडी काढून कानच्या स्विमिंग पूलवर गेले. ऊन असं रणरणतं की ८२ वर्षांच्या माणसाला तिथे थांबणंच अशक्य. घरी परत आला आणि म्हणाला, माझा पूल मीच करतो! डायनिंग रूमच्या चारी भिंतींवर, डोक्याच्या जरा वर, पांढऱ्या कागदाचा एक लांबच लांब पट्टा लावला आणि त्यावर निळ्या कागदाचे सूर मारणारे, तरंगणारे, पाणी उडवणारे देह. पट्टा संपतो तिथे आकृती थांबत नाही, खुशाल बाहेर उडी मारते. ५० फुटांहून लांब असलेला तो ‘स्विमिंग पूल’ आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याच वर्षी त्यानं दुसऱ्या भिंतीवर पानं-फळं लावून बाग केली आणि त्यात एक पोपट आणि एक जलपरी सोडली. बाहेर बागेत फिरता येत नाही ना, मग बाग आत.

नर्स, नन आणि चॅपेल

ऑपरेशननंतर रात्रपाळीसाठी मातिसला नर्स हवी होती. १९४२ मध्ये मोनिक बुर्ज्वा नावाची तरुण मुलगी आली. तिनं त्याची सेवा केली, त्याच्यासाठी मॉडेल म्हणून बसली, चित्रकलेवर त्याच्याशी वादही घातले. मग ती नन झाली, तिचं नाव सिस्टर जाक-मारी झालं. योगायोगानं ती व्हाँसमध्येच, मातिसच्या घराजवळ आली. तिच्या संस्थेला चॅपेल हवं होतं. मातिसनं ते काम अंगावर घेतलं आणि १९४८ ते १९५१ अशी चार वर्षं त्यातच घातली. काचा, टाइल्सवरची चित्रं, दारं, एवढंच काय, पाद्र्यांचे झगेसुद्धा. खिडक्यांचे निळे, हिरवे, पिवळे आकार त्यानं आधी कागदातच कापले. पिकासो चिडवायचा की देऊळ कसलं बांधतोस, त्यापेक्षा भाजी मंडई बांध! २५ जून १९५१ ला चॅपेलचं उद्घाटन झालं, पण तब्येतीमुळे मातिसला जाता आलं नाही. चार वर्षांच्या प्रोजेक्टच्या लाँचलाच गैरहजर.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, ‘ठीक आहे हो, पण त्याच्याकडे पैसा होता, असिस्टंट होत्या, लिडिया होती.’ बरोबर आहे. कागद रंगवणारे हात दुसऱ्यांचे, टाचण्या लावायला शिडीवर चढणारे पाय दुसऱ्यांचे. लिडियाशिवाय हे काम झालंच नसतं, आणि तिचं नाव चित्रांखाली नाही. म्हातारपणी खेळत राहायला कुणीतरी समोर लागतं, हे मातिसच्या गोष्टीतलं न दिसणारं अर्धं चित्र आहे. आपल्याकडच्या किती आजी-आजोबांना ते मिळतं? ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य त्यांना बहुतेक वेळा बाहेरूनच ऐकवलेलं असतं, आणि ऐकवणारे आपणच असतो.

शांतिनिकेतनमधले कागद

मातिस व्हायोलिन वाजवायचा. भीती अशी की डोळे गेले तर चित्रं बंद होतील, निदान हे तरी हाताशी असावं. त्याचे डोळे शेवटपर्यंत शाबूत राहिले. आपल्याकडे मात्र एका चित्रकाराचे खरंच गेले.

बिनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ चा, कलकत्त्याचा. एका डोळ्यानं लहानपणापासून दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला चष्म्याचा भलामोठा नंबर. एवढ्या भांडवलावर ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे चित्रकला शिकले. तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर १९४६-४७ मध्ये त्यांनी केलेलं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र हे आधुनिक भारतीय कलेतलं अत्यंत मोठं काम मानलं जातं. कबीर, सूरदास, तुलसीदास, सगळे त्या गर्दीत आहेत. १९५७ मध्ये डोळ्याचं ऑपरेशन फसलं आणि होती तेवढीही नजर गेली. वय ५३.

तुमच्या करिअरचा आधार असलेली एकच गोष्ट उद्या सकाळी नाहीशी झाली तर? बिनोदबाबू शांतिनिकेतनला परतले आणि कलेचा इतिहास शिकवू लागले. आणि कागद हातात घेतला. कागद घडी घालता येतो, कापता येतो, आणि मुख्य म्हणजे बोटांना कळतो. मेण मळून छोटी शिल्पं केली. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर सिरॅमिक टाइल्सचं अख्खं म्युरल उभं केलं. त्याच वर्षी त्यांच्यावर वीस मिनिटांची एक डॉक्युमेंटरी आली, ‘द इनर आय’. दिग्दर्शक होता १९४० च्या सुमारास त्यांच्या वर्गात शिकलेला एक विद्यार्थी, सत्यजित राय. वीस मिनिटं म्हणजे एका मालिकेच्या एपिसोडपेक्षाही कमी. जमल्यास जरूर बघा. आंधळ्या माणसाची करुण कहाणी बघायला मिळेल या अपेक्षेनं बसलात तर निराशा होईल. दिसतो तो कामात बुडालेला माणूस.

बिनोदबाबूंकडे नीसचा फ्लॅट नव्हता. त्यामुळे, खरं सांगायचं तर, मला त्यांची कात्री मातिसच्या कात्रीपेक्षा अंमळ जास्तच धारदार वाटते.

टॉवेल गुंडाळलेली लिडिया

२०१४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मातिसच्या कापलेल्या कागदांचं प्रदर्शन भरलं. पाच लाखांहून जास्त लोक आले. टेटच्या कुठल्याच प्रदर्शनाला तोपर्यंत एवढी गर्दी झाली नव्हती. जवळून बघितलं की त्या कागदांवर टाचण्यांची बारीक बारीक भोकं दिसतात. एकेका पानाला कितीतरी. तितक्या वेळा ते पान हललंय.

मातिसचं शेवटचं डिझाइन होतं अमेरिकेतल्या एका छोट्या चर्चच्या गोल खिडकीचं. ते त्यानं नोव्हेंबर १९५४ च्या पहिल्या दिवसांत संपवलं. दुसऱ्या दिवशी लिडिया नुकतेच केस धुऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याच्या पलंगापाशी आली. त्याला ते रूप आवडलं. त्यानं कागद मागितला. हाताशी होतं ते साधं बॉलपेन. त्यानं तिची भराभर चार स्केचेस काढली, शेवटचं हात लांब करून डोळ्यांसमोर धरलं, नीट तपासलं आणि गंभीरपणे सांगितलं की हे चालेल. दुसऱ्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, तो गेला.